अहल्येची लाल पुडी

अहल्या घोरपडेला पाहायला दोनदा मंडळी आली आणि दोन्ही वेळा तिने पोह्यांच्या बशा मांडता मांडता एकच प्रश्न विचारला, "लग्नानंतर दुकान मीच चालवीन. चालेल ना?" पहिल्या वेळी मुलाची आई हसली. दुसऱ्या वेळी कुणी हसलंसुद्धा नाही. त्यानंतर कुणी आलं नाही, आणि अहल्येनेही ते फारसं मनाला लावून घेतलं नाही.

दुकान औषधांचं होतं, बडोद्याच्या अकोटा भागात. तिचे वडील बळवंतराव संस्थानच्या काळापासून सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत हे दुकान थाटलं. अहल्येने बडोद्यातच फार्मसीचा डिप्लोमा केला, लायसन्स तिच्या नावावर झालं, आणि सदुसष्ट साली वडील गेल्यावर ती एकटीच गल्ल्यावर बसू लागली. धाकटा भाऊ माधव रिफायनरीत होता. त्याला औषधांचा वाससुद्धा सोसत नसे.

बळवंतरावांची एक पुडी आसपासच्या गल्ल्यांत फार नावाजलेली होती. डोकेदुखीवरची. ॲस्पिरिन, फेनॅसिटिन आणि कॅफीन अशा तीन पांढऱ्या भुकट्या खलात एकजीव करायच्या आणि पतंगाच्या तांबड्या कागदात बांधायच्या. वाचता न येणाऱ्या माणसालाही नुसतं 'लाल पुडी द्या' म्हणता यावं, म्हणून तांबडा कागद. अहल्या सात वर्षांची असल्यापासून त्या पुड्या बांधत आली होती. वडील गेल्यावरही पुडी तशीच राहिली, याचा तिला अभिमान होता.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर पिलाजीमामा दुकानात आले. तिच्या आईचे हे चुलतभाऊ बांधकामाचे ठेके घेत. त्या वर्षी सुभानपुऱ्यात 'राजमंगल' नावाची बंगल्यांची सोसायटी उभी राहत होती आणि तिचं काम मामांकडे होतं. सभासद बहुतेक सगळे जुन्या संस्थानी नोकरदारांच्या घरातले. चौदा नंबरचा बंगला अहल्या आणि माधव यांच्या नावावर होता.

"मजूर छोटा उदेपूरकडचे आहेत," मामा म्हणाले. "दिवसभर कुदळी मारतात, डोकी दुखतात, अंग दुखतं. दाजींच्या पुड्या रोज शंभर देशील का?"

मजुरांच्या डोकेदुखीची काळजी करणारा ठेकेदार अहल्येने तोवर पाहिला नव्हता. तिला मामांचं कौतुक वाटलं. महिन्याभरात शंभराच्या दोनशे झाल्या, संक्रांतीच्या उत्तरायणापर्यंत तीनशे. मजूर साठ, पुड्या तीनशे. हा साधा भागाकार तिने केला नाही. करायला हवा होता, हे ती पुढे आयुष्यभर सांगत राहिली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी एक बाई दुकानाच्या दाराची चौकट धरून उभी राहिली. पंचविशीची असेल. ऊन सहन होत नसल्यासारखे डोळे मिटलेले, ओठांवर निळसर झाक.

"बेन, लाल पडीकी आपो. माथुं फाटे छे."

"क्यारथी दुखे छे?" अहल्येने विचारलं.

"सवारथी. रविवारे मुकादम नथी आपतो." सकाळपासून दुखत होतं; रविवारी मुकादम पुडी देत नसे.

"रोज केटली लो छो?" रोज किती घेता?

बाईने एका हाताची पाच बोटं दाखवली आणि दुसऱ्या हाताची तीन.

तिचं नाव जमली राठवा. अहल्येने तिला बाकावर बसवून एक पुडी दिली आणि तिच्याकडे पाहत राहिली. अर्ध्या तासाच्या आत त्या बाईचा चेहरा सैल झाला, तिने डोळे उघडले, पदर सारखा केला. बळवंतरावांच्या पुडीचा इतका चोख गुण पाहून एरवी अहल्या सुखावली असती. त्या दिवशी तिला दुसरंच काही कळलं. जमलीचं डोकं दुखत होतं ते पुडी उतरल्यामुळे. पुडी पोटात गेली की थांबायचं, उतरली की पुन्हा फुटायचं.

सोमवारी आणि मंगळवारी दुपारी दुकान बंद ठेवून ती आपल्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसली. परदेशातल्या एका कारखान्याची हकीकत तिला एका मासिकात सापडली. तिथले कामगार अशीच भुकटी दिवसभर घेत. घेतली की हात झपाझप चालायचे. काही वर्षांनी त्यांच्या किडन्या सुकून गेल्या. लेख दहा-बारा वर्षांपूर्वीचा होता. म्हणजे ती डिप्लोमा करत होती तेव्हापासून हा अंक त्या कपाटात पडून होता.

बुधवारी ती सुभानपुऱ्याला गेली. मामांचा मुकादम विश्राम एक पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन बसला होता. काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला दोन पुड्या, दुपारच्या रोटल्याबरोबर दोन, आणि ज्याची खणायची हद्द पुरी झाली त्याला संध्याकाळी आणखी. जमलीचा नवरा सना पुढे आला आणि होळीला घरी जायचं आहे म्हणाला. विश्राम रागावला नाही. त्याने फक्त डब्याचं झाकण लावलं.

"जा ने. पण पडीकी अहीं ज मळे." जा की, पण पुडी इथेच मिळते.

सना कुदळ उचलून पुन्हा खणायला गेला.

विश्रामने अहल्येला ओळखलं, खुर्ची दिली आणि मोठ्या खुशीत सांगितलं, "पहिले मजूर आणायला गावोगाव फिरावं लागायचं, बाई. आता तीन कुटुंबं गेली होती, चौथ्या दिवशी डोकं धरून आपली आपण परत आली. तुमच्या पुडीचे उपकार आहेत."

पिलाजीमामा पत्र्याच्या शेडमध्ये नकाशे पाहत होते. अहल्या आत शिरली ती बोलतच.

"मामा, उद्यापासून पुड्या बंद."

"का? माल संपला?"

"माल आहे. मी बांधणार नाही. ही माणसं पुडीची गुलाम झाली आहेत आणि तुम्हाला ते ठाऊक आहे."

मामांनी चष्मा काढला. ते चिडले नाहीत; ते कधीच चिडत नसत. "मी कुणाच्या तोंडात कोंबतो का? हात पुढे करतात, विश्राम देतो. गावाकडे मोहाची दारू पितात तेव्हा तू गेली होतीस थांबवायला? त्यांचं जग वेगळं आहे, अहल्या. त्यांच्या सवयी त्यांच्या. आपण त्यात ढवळाढवळ करू नये."

"मोहाची दारू ते स्वतः गाळतात आणि स्वतः पितात. तिच्या जोरावर त्यांच्याकडून कुणी पाये खणून घेत नाही. ही पुडी मी बांधली आणि तुम्ही वाटली. ढवळाढवळ आपण दिवाळीपासूनच करतोय. थांबवायची वेळ आली तेव्हाच ती तुम्हाला दिसायला लागली?"

"तू नाही दिलीस तर दुसरा देईल."

"देऊ दे. त्याच्याशीही भांडेन."

घरी आल्यावर माधवने तिला समजावून पाहिलं. "ताई, पुड्या बंद केल्यास ते ठीक. आता पुढे बोलू नकोस. पावसाआधी स्लॅब पडला नाही तर वर्ष जाईल. आपलं चौदा नंबर..."

"तुझं चौदा नंबर," अहल्या म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

हात झटकले की आपण मोकळे, असं तिलाही दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर वीसेक माणसं जमा झाली. काहींनी डोक्याला फडकी करकचून बांधली होती. एक म्हातारा पायरीवर बसून ओकत होता. सगळ्यांत पुढे सना.

"पडीकी तें बनावी, ने तें ज बंद करी," तो ओरडला. "अमने कोणे पूछ्युं?"

रस्त्यावरची माणसं थांबून पाहू लागली. पुडी तूच बनवलीस, तूच बंद केलीस; आम्हाला कुणी विचारलं, असं तो म्हणत होता. पुडी सुरू करताना कुणी त्यांना विचारलं नव्हतं, आणि बंद करताना तिनेही विचारलं नव्हतं. वाद घातला मामांशी, बोलणं झालं माधवशी. ज्यांची डोकी फुटत होती त्यांना तिने एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं.

"कुणीच नाही विचारलं," ती त्यांच्या भाषेत म्हणाली. "चूक माझी. आता सांगते ते ऐका, मग काय करायचं ते तुम्ही ठरवा."

तिने तिन्ही भुकट्यांच्या बाटल्या आणून पायरीवर ठेवल्या. यातली कोणती तरतरी आणते, कोणती उतरल्यावर डोकं फुटतं, कोणती वर्षानुवर्षं घेतली तर बकऱ्याच्या पोटात असतो तसला आपल्या पोटातला गुर्दा सुकवून टाकते, सगळं सांगितलं. कुणी ऐकलं, कुणी रस्त्यावर थुंकलं.

"पेलां खबर नोती तने?" सनाने विचारलं.

"आधी नव्हती. पण खबर करून घेणं माझं काम होतं."

तेवढ्यात मागून जमली पुढे आली. "नहीं लईए तो केटला दा'डा फाटे?"

"नाही घेतली तर सहा दिवस डोकं फुटेल. कदाचित दहा. मी फक्त वाचलंय, पाहिलेलं नाही."

मग तिने एक गोष्ट सुचवली. ती कंपाउंडर होती. तिच्या हातात तेवढंच होतं. पांढऱ्या कागदात नव्या पुड्या बांधायच्या. गुर्दा सुकवणारी भुकटी मुळीच नाही, आणि तरतरीची रोज थोडी थोडी कमी. पहिल्या दिवसाच्या पुडीवर निळ्या पेन्सिलीची एक रेघ, दुसऱ्या दिवसाच्या पुडीवर दोन, असं आठ रेघांपर्यंत. आठव्या पुडीत जवळजवळ काही नसेल. "त्रास होईलच," ती म्हणाली. "फसवून देणार नाही."

अकरा जण तयार झाले. बाकीचे दुपारपर्यंत परत गेले, कारण मामांनी तोवर दुसरीकडून लाल पुड्या मिळवल्या होत्या. सना त्यांच्याबरोबर गेला. जमली त्याच्या मागे चार पावलं गेली, थांबली, आणि वळून येऊन पायरीवर बसली.

त्या अकरांना मामांनी कामावरून काढलं, तेव्हा अहल्येने त्यांना आपल्या घरात घेतलं. दुकानाला कुलूप लावलं आणि मागच्या अंगणात चुली मांडल्या. शेजारच्यांनी नाकं मुरडली. एका बाईने तोंडावर विचारलं, "असली माणसं ठेवायला ही धर्मशाळा आहे का?" अहल्या म्हणाली, "हो, आठ दिवस." माधव मित्राकडे राहायला गेला.

ते दिवस कुणालाच सोपे गेले नाहीत. माणसं भिंतीला डोकं टेकून कण्हत पडायची, चुलीवरची खिचडी तशीच राहायची. चौथ्या दिवशी जमलीने पितळेचा तांब्या अहल्येच्या अंगावर भिरकावला. तो खांद्याला लागला. अहल्येने तो उचलला, पुन्हा भरला आणि तिच्याजवळ ठेवला. सातव्या दिवशी सकाळी त्या ओकणाऱ्या म्हाताऱ्याने रोटल्याबरोबर लसणाची चटणी मागितली. त्याने दोन रोटले खाल्ले आणि तिखटाने नाक पुसत हसला. अहल्या मोरीत गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

होळीच्या आधी ती त्यांना प्रतापनगर स्टेशनवरच्या छोट्या रेल्वेगाडीत बसवून देऊ लागली, तेव्हा जमलीने खिडकीतून एवढंच सांगितलं, "फरी कोईनी दवा बंद करे तो पेलां कहेजे." पुन्हा कुणाचं औषध बंद केलंस तर आधी सांग. आभार वगैरे तिने मानले नाहीत. अहल्येलाही ते मान्य होतं.

पण सुभानपुऱ्यात अजून पन्नासेक माणसं होती, आणि विश्रामचा डबाही. पुढच्या रविवारी सोसायटीची सभा भरली. अहल्या चौदा नंबरची सभासद म्हणून गेली आणि उभी राहून सगळं बोलली. स्वतःपासून सुरुवात केली. अध्यक्ष तुकोजीराव संस्थानच्या महसूल खात्यातले निवृत्त अधिकारी, मोठे सभ्य गृहस्थ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"घोरपडेबाई, तुमची तळमळ समजते," ते म्हणाले. "पण हा ठेकेदार आणि मजूर यांचा आपसातला मामला आहे. सोसायटीने त्यात पडणं योग्य नाही."

"पडणार नाही म्हणता," अहल्या म्हणाली, "पण राहणार तर आहात त्यात. ते पाये पुडीवर खणले गेलेत, तुकोजीराव. तुम्ही कुणाच्या भांडणाबाहेर उभे नाही. तुम्ही त्या पुडीचे गिऱ्हाईक आहात. मीही होते. आज नाही." आणि चौदा नंबरमधला आपला हिस्सा सोडल्याचा कागद तिने त्यांच्यासमोर ठेवला.

सभेत कुजबुज झाली. माधव तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला होता. पुढचा विषय नळाच्या जोडणीचा होता.

सोमवारी ती औषध खात्याच्या इन्स्पेक्टरकडे गेली. त्यांनी तक्रार वाचली आणि खाली ठेवली. "बाई, याच्यात पहिल्या गुन्हेगार तुम्हीच होता. लेबल नाही, चिठ्ठी नाही, शेकड्यांनी पुड्या. हे माहीत आहे ना?"

"म्हणूनच पहिलं नाव माझं लिहिलंय. दुसरं पिलाजीरावांचं आहे. स्वतःला वाचवायला पहिलं पुसायचं आणि त्याबरोबर दुसरंही, अशी सोय मी ठेवलेली नाही."

इन्स्पेक्टर दुसऱ्या दिवशी सुभानपुऱ्याला गेले, विश्रामचा डबा ताब्यात घेतला, लाल पुड्यांचं वाटप थांबलं. मामांना सक्त ताकीद मिळाली. अहल्येचं लायसन्स सहा महिने स्थगित झालं. मजुरांना सांगायला आणि पांढऱ्या पुड्यांची व्यवस्था पाहायला इन्स्पेक्टरांनीच जवळच्या एका डॉक्टरला गाठलं. त्या पुड्यांवर काय लिहायचं ते अहल्येने सांगितलं.

नात्यातल्या लोकांनी मात्र तिला वाळीत टाकल्यासारखं केलं. जवळच्या नात्यातल्या माणसावर तक्रार करणारी, बापाच्या नावाला काळिमा लावणारी, असं काय काय तिच्या कानावर आलं. लग्नांची बोलावणी थांबली. बापाचं नाव कुणी काढलं की ती म्हणे, "दादा असते तर त्यांनी पुडी पहिल्या दिवशी बंद केली असती. त्यांना माझ्याहून चांगला भागाकार यायचा." सहा महिने तिने शिकवण्या केल्या. लायसन्स परत मिळालं त्या दिवशी दुकान उघडलं, आणि लाल पुडी पुन्हा कधी बांधली नाही.

सना स्लॅब पडेपर्यंत कामावर राहिला. पावसाळ्यात सुजलेल्या पायांनी गावी गेला आणि दिवाळीनंतर वारला. कशाने ते कुणालाच नक्की सांगता येईना. अहल्या बसने कवांटपर्यंत आणि पुढे चालत त्याच्या गावी गेली आणि जमलीला म्हणाली, "पुडीमुळे असेल, नसेलही. पण असू शकतं. मी लपवणार नाही." जमली उठून शेतात निघून गेली. वर्षभर ती अहल्येशी बोलली नाही.

पुढच्या वर्षी जमली बोलली ती कामाचं. तिच्या गावची टोळी आता कुठल्याही ठेकेदाराकडे आधी दोन माणसं पाठवायची; तिथे काय वाटलं जातं, पाणी कुठून येतं, होळीला सुट्टी आहे की नाही, हे पाहून मगच बाकीचे निघायचे. बोलणी जमली करायची. बडोद्यात आली की अहल्येच्या दुकानात बाकावर बसून ती ठेकेदाराने काय कबूल केलं ते सांगे, आणि अहल्या तिला कुठे शंका घ्यावी ते सांगे. दोघींची मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. पण एकमेकींशी खोटं बोलत नसत.

काही वर्षांनी सरकारनेच फेनॅसिटिनवर बंदी घातली. त्याच सुमाराला पिलाजीमामा गेले. त्यांचा मुलगा बाळकृष्ण एका संध्याकाळी अहल्येच्या दुकानात आला, तिच्या पाया पडला आणि बाकावर बसला. चांगला, नम्र माणूस.

"ताई, तुमचंच बरोबर ठरलं," तो म्हणाला. "आता झालं गेलं विसरून जा. चौदा नंबरला माधवदादांकडे सगळे जमणार आहोत. तुम्ही यायलाच पाहिजे."

"बरोबर ठरले म्हणून यायचं? बंदी आली नसती तर?"

अहल्या गल्ल्यावरून उठून त्याच्याशेजारी बाकावर बसली.

"तुझ्या वडिलांवर माझा राग नाही, बाळकृष्णा. ते वाईट नव्हते, इतर सगळ्यांसारखेच होते. पण झालं गेलं म्हणायचा हक्क तुझा नाही, माझाही नाही. सना राठव्याची बायको अजून आहे. तिच्यासमोर जाऊन बस. आम्ही हे केलं, असं तिला सांग. मग ती काय म्हणेल ते ऐकून घे. ती कदाचित हाकलूनही देईल. गुरुवारी सकाळी सातच्या बसने मी निघणार आहे. तू आलास तर परत येताना सरळ चौदा नंबरला जाऊ दोघं."

"बघतो, ताई. गुरुवारी जरा अवघड आहे."

"बघ."

गुरुवारी सकाळी अहल्या डेपोवर गेली. तेव्हा तिची चाळिशी उलटली होती, गुडघे दुखायचे, पण बसायला खिडकीच मिळाली. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा बाळकृष्ण आलेला नव्हता. बस छोटा उदेपूरच्या रस्त्याला लागली, आणि अहल्येने जमलीला ठेकेदाराच्या नव्या कराराबद्दल कोणकोणते प्रश्न विचारायचे आहेत त्याची मनाशी उजळणी सुरू केली.